थोरल्याचा हुंकार

होसिया गॅस्किनसमोर धाकट्या भावाचं, इझेलचं नाव काढायचं म्हणजे आधी खुर्ची ओढून बसायचं, कारण लवकर सुटका नाही. टीव्हीवर काळ्या माणसाच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम, तोही विनोदाचा. त्यात तो दार उघडायला किंवा ट्रे धरायला येत नाही, चांगला सूट घालून मधोमध उभा राहतो आणि बाकीचे ऐकत बसतात. हे इंडियानातल्या आमच्या गॅरी गावात पहिल्यांदा कुणी दाखवलं? इझेल गॅस्किननं. होसिया तर म्हणायचा, सगळ्या अमेरिकेत पहिल्यांदा. कुणी दुसरं नाव पुढं केलं की तो हात झटकायचा.

"असेल बाबा तोही. पण तो गात होता. आमचा बारक्या बोलत होता. गाणाऱ्याला काय, कुणीही उभं करतं."

आणि लगेच पुढचं, "त्यातला अर्धा हशा माझा. तेवढं विसरू नका."

होसिया बढाईखोर होताच. पोलाद कारखान्यात दगडी कोळसा भाजणाऱ्या कोक भट्टीच्या माथ्यावर आपल्याइतकं कुणी टिकत नाही, डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांना लावायची चटणी आपल्यासारखी कुणाला जमत नाही, आपला आवाज भोंग्याच्या वर ऐकू जातो, असं तो ओळख नसलेल्यालाही सांगायचा. पण हशाचं खरं होतं. ज्यांनी दोघांना एकत्र ऐकलंय त्यांना विचारा.

सुरुवात माउंट पिस्गा चर्चमध्ये झाली. ईस्टरच्या रविवारी आमच्याकडं लहान पोरं पुढं जाऊन चार ओळी पाठ म्हणतात. गॅस्किनांची आई, लुवेनिया, त्या चर्चची दारावरची बाई. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, आलेल्या माणसाला हातानं जागा दाखवायची, आणि मोज्यावर कधी डाग नाही. तिचा धाकटा खळ लावलेल्या कॉलरमध्ये मान अडकवून पुढं गेला, पहिली ओळ म्हणाला, आणि दुसरी पसार झाली.

आता आमच्यात एक आहे. पुढं उभा राहिलेला माणूस अडखळला तर आम्ही त्याला एकटं सोडत नाही. बाकांवरून म्हाताऱ्या लगेच बोलायला लागतात, "सावकाश रे बाळा." "देवा, हात दे त्याला." माती देणाऱ्या, म्हणजे मयताची सगळी तयारी करणाऱ्या दुकानाची जाहिरात छापलेले पुठ्ठ्याचे पंखे त्याच्याकडं वळवून हलवतात, जणू वाऱ्यानं शब्द येतील. पण इझेलची हनुवटी थरथरायला लागली ती थांबेना. तेव्हा मागच्या बाकावरून होसिया म्हणाला, जसा घरी अंथरुणात पडल्यावर म्हणायचा,

"मग? पुढं काय झालं?"

इझेलनं त्याच्याकडं पाहिलं. "पुढं येशूच्या थडग्यावरचा तो दगड सरकवला."

"कुणी?"

"देवदूतानं. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, होसियाला बोलवा. तो म्हणतो त्याच्यात लई ताकद आहे."

चर्च हसून हसून आडवं झालं. पाद्रीबाबांनी व्यासपीठाला धरून स्वतःला सावरलं. दारात लुवेनियानं मोज्याचं बोट दातात धरलं होतं.

तेव्हापासून ते दोघं असेच. इझेल बोलायचा आणि मधेच थांबायचा, आणि थांबला की होसियाचा हुंकार मागून यायचा. कुठं "मग?" विचारायचं, कुठं "खोटारड्या" म्हणून हाणायचं आणि कुठं नुसतं घशातल्या घशात "हं" म्हणायचं, हे होसियाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं सुरू केलं की आजूबाजूचे धरायचे, त्यांचं बघून मागचे, आणि इझेल त्या आवाजावर लाटेवरच्या लाकडासारखा तरंगत जायचा. बंधुमंडळांच्या लॉजचे हॉल, गॅरीतल्याच ब्रॉडवे रस्त्याच्या मागचा रोझवूड बार, मग साउथ बेंड, डेट्रॉइट. मुक्कामाला ओळखीपाळखीची घरं, जेवायला तळलेला मासा आणि पाव. होसिया पाळ्या बदलून बदलून जायचा आणि कोक भट्टीचा वास अंगावर घेऊनच शेवटून तिसऱ्या रांगेत बसायचा.

"आमच्या आईनं नावं बायबलातून काढली," इझेल सुरू करायचा. "थोरला होसिया. संदेष्टा. आणि मी इझेल. इझेल म्हणजे कोण, ठाऊक आहे?" थांबायचा.

"कोण?" मागून.

"दगड. बायबलात त्या नावाचा एक दगड आहे. याच्या वाट्याला संदेष्टा, माझ्या वाट्याला दगड."

"डोकं बघूनच ठेवलं असणार."

मग जो हशा व्हायचा तो कुणाचा? अर्धा तरी होसियाचाच की.

पण इझेलची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाबांच्या बुटांची. ती तो शेवटी सांगायचा, आणि फक्त आपल्या माणसांत. त्यांचे बाबा आयुष्यभर दुसऱ्याचे उतरलेले बूट घालून कारखान्यात गेले आणि तिथंच मेले. लुवेनिया म्हणाली, आता पुरताना तरी कोरे घालीन. दुकानात आपल्या लोकांना बूट पायात घालून बघू देत नसत, घ्यायचे तर तसेच घ्या. म्हणून तिनं दोरीनं पायाचं माप नेलं. दोरी ओढली गेली की काय, बूट लहान आले. परत घेईनात. शेवटी माती देणाऱ्या माणसानं ब्लेडनं टाचा कापल्या आणि बूट पुढून चढवले.

"बाबांना जन्मात एकदा कोरे बूट मिळाले," इझेल म्हणायचा, "आणि ते मागून कापलेले."

इथं तो थांबायचा. इथं हसायचं नसतं. इथं होसिया तोंड न उघडता, अगदी खालून, "हं" करायचा, आणि सगळा हॉल "हं" करायचा. प्रत्येकाच्या घरात असा एक बूट होताच. तो आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा आणि हळूहळू विरायचा. तो पुरता विरेपर्यंत इझेल हलायचा नाही. मग सांगायचा, "आई त्या माणसाला म्हणाली, अहो, स्वर्गात चालताना हे निघून नाही का यायचे? तो म्हणाला, बाई, तिथं पंख असतात. आई म्हणाली, तुम्ही माझ्या नवऱ्याला ओळखत नाही. पंख दिले तर तो ते गहाण टाकेल आणि चालत जाईल."

मग लोक हसत हसत खुर्च्या सोडून पळायचे, भिंतींवर हात आपटायचे. डोळे मघाचेच ओले असायचे. आधीचं ते "हं" नसेल तर पुढचं हसू म्हणजे मेलेल्या माणसाची टिंगल, हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं.

शिकागोचा हॅलोरन रोझवूडमध्ये आला तो अशाच एका शनिवारी. टीव्हीवाला, गोरा, गुलाबी गळ्याचा, आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. पोट धरून हसला. नंतर टेबलाशी येऊन म्हणाला, "इझी, तुला मी टीव्हीच्या काचेत घालणार."

"इझेल," होसिया म्हणाला.

"आणि हे कोण?"

"मी अर्धा," होसिया म्हणाला.

हॅलोरनला तो विनोद वाटला.

पहिल्या कार्यक्रमाला होसियाला स्टुडिओत बसवलं. आवाजाचं काम बघणाऱ्यानं कानावरचे डबे काढून विचारलं की मागं तो दारुडा कोण आहे. दुसऱ्या वेळी त्याला बाहेरच्या बोळात स्टुलावर बसवलं. इझेल कोट काढून उभा राहिला. "मग मी पण जातो घरी. तो नसेल तर मी कुणाशी बोलू, त्या कॅमेऱ्याच्या डोळ्याशी?"

होसियानं त्याला कोट परत घातला. कॉलर नीट केली, ईस्टरला करायचा तशी. "गप रे बारक्या. गॅस्किनांचं नाव काचेत यायला लागलंय. मी घरी बसून हुंकार देईन. गुरुवारी बरोबर वेळेवर देईन. तू फक्त तेवढं थांब."

"मला ऐकू कसा येणार?"

"इंडियाना ओलांडून येईल. माझा आवाज आहे तो."

आणि एक वर्षभर खरोखर तसं चाललं. तेव्हा कार्यक्रम जसा होईल तसा थेट दिसायचा. गुरुवारी संध्याकाळी क्लिओटिस न्हाव्याच्या दुकानात आमची अर्धी मिडटाउन वस्ती दाटीवाटीनं बसायची आणि इझेल काचेत थांबला की दुकान बोलायचं. "मग?" "खोटारड्या." "सांग, सांग." क्लिओटिसचा वस्तरा हवेत, गिऱ्हाइकाचं अर्धं तोंड साबणात. तिकडं शिकागोत इझेल तेवढाच थांबायचा, एक कान जरा कलता करून. मग ओठ हलायचा, जणू पोचलं. होसिया मांडीवर थाप मारायचा, "बघा, आलं त्याला ऐकू." कारखान्यातला गोरा मुकादमसुद्धा एकदा म्हणाला, तुझा भाऊ गमत्या आहे. होसिया म्हणाला, "आणि मी त्याचा थोरला आहे." ते त्यानं महिनाभर सगळ्यांना सांगितलं.

मग न्यूयॉर्कवाल्यांनी कार्यक्रम उचलला. आता देशभर दाखवायचा, म्हणून आधी टेपवर घ्यायचा आणि दाखवायचा नंतर. होसियाच्या लक्षात एक गोष्ट आली. इझेल रविवारी जेवायला आला तेव्हा त्यानं विचारलं,

"ती बाई दर वेळी येते का रे?"

"कुठली बाई?"

"हसून झाल्यावर शेवटी 'हुक्' करते ती. मागच्या गुरुवारी होती, त्याच्या आधी पण होती."

इझेल हसला. "ती बाई नाही. पेटी आहे. त्यात लोकांची जुनी हसणी भरून ठेवलीत. एक माणूस बसतो आणि बटणं दाबतो. स्टुडिओतले कमी हसले तर थोडं टाकतात. सगळ्यांच्याच कार्यक्रमात टाकतात."

"म्हणजे ती तुझ्यावर हसलीच नाही?"

"ती कुणावर हसली होती देव जाणे."

"आणि मेली असेल तर?"

"तरी हसेल," इझेल म्हणाला. भावांनी पाव खाली ठेवून हसून घेतलं. आई हसली नाही. तिनं पालेभाजीचं भांडं पुढं सरकवलं.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात गादीवाली कंपनी, जिच्या जिवावर कार्यक्रम चालायचा, ती काचकूच करायला लागली. हॅलोरन इझेलला म्हणाला, ती बुटांची गोष्ट दे, रोझवूडमध्ये ऐकली ती. इझेल नाही म्हणाला. ती घरातली आहे. हॅलोरननं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. आणि मग इझेलच्या डोक्यात भलतंच शिरलं. त्याला वाटायला लागलं, का नाही? कार्यक्रम वाचवायचा म्हणून नव्हे. आपण नीट थांबलो तर सगळ्या देशाच्या बैठकींत एकाच वेळी तो "हं" निघेल, गोऱ्यांच्या घरातसुद्धा, ही आशा. आयुष्यभर ज्याला हुंकार मिळालाय त्यालाच असली चूक सुचते. थांबलेल्या माणसाला जग एकटं सोडत नाही, असं तो धरून चालतो.

रविवारी त्यानं आईला विचारलं. तिच्या परवानगीशिवाय तो ती गोष्ट बाहेर नेणार नव्हता.

"बाप तुझा आहे, सांग," लुवेनिया म्हणाली. "पण तिथं हुंकार कोण देणार? हा तर इथं बसणार."

"आई, मी पुरेसा थांबीन. माणूसच आहे ना तिकडं. कापलेल्या टाचा ऐकून माणूस गप्प होतोच."

"माझा बारक्या दगडाला गप्प करील," होसिया म्हणाला.

"दगडाचं मला माहीत आहे," आई म्हणाली. "मी माणसांचं विचारतेय." तिनं इझेलच्या ताटात मक्याच्या पावाचा तुकडा वाढला. आणि म्हणाली, "नीट थांब मग. घाई करू नकोस."

टेप झाली त्या संध्याकाळी इझेलनं न्हाव्याच्या दुकानात फोन केला. होसियाला वाटलं रडतोय.

"थोरल्या, ते गप्प झाले."

"कोण?"

"सगळे. स्टुडिओतले. मी टाचांपर्यंत आलो आणि थांबलो, आणि टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कॅमेऱ्यावाला डोळे पुसत होता. आणि कुणीतरी, ऐक, अंधारातून कुणीतरी 'हं' केलं. गोऱ्यानं, होसिया. त्याला कुणी शिकवलं नव्हतं."

होसियानं फोन धरून ठेवला आणि दुकानाकडं वळून म्हणाला, "गोऱ्यांनी हुंकार दिला. माझ्या भावाला."

गुरुवारी लुवेनिया स्वतः क्लिओटिसच्या दुकानात आली. आजवर आली नव्हती. हातमोजे घालून आली होती. तिला पुढची खुर्ची दिली, बाकीचे भिंतीला टेकले. होसिया मागं उभा. इझेल काचेत आला. राखाडी सूट, आईनं दिलेली टायपिन. दोरी सांगितली, दुकान सांगितलं, ब्लेड सांगितलं. घाई नाही. इतकं सुंदर त्यानं ते कधीच सांगितलं नव्हतं, रोझवूडमध्येसुद्धा नाही.

"बाबांना जन्मात एकदा कोरे बूट मिळाले. आणि ते मागून कापलेले."

आणि तो थांबला.

होसियाचं "हं" घशातून निघालंच होतं, तेवढ्यात काचेतून हशा फुटला. मोठा, खिदळता, टाळ्या पिटणारा. थांबेचना. आणि इझेल त्यात उभा. चेहऱ्यावर ते जरासं हसू, डोकं किंचित कललेलं, आवाज विरायची वाट पाहणारं. तो हुंकाराची वाट पाहत होता, ते होसियाला कळत होतं. पण काचेत बघणाऱ्याला दिसत होतं ते असं, की बापाच्या कापलेल्या बुटांवर गोरे हसतायत आणि पोरगा त्यांचं हसून व्हायची अदबीनं वाट बघतोय. अगदी शेवटी, सगळं ओसरल्यावर, ती बाई आली. "हुक्."

पंखांचं सांगून झालं तरी दुकानात कुणी हललं नाही.

"ती पेटी आहे," होसिया म्हणाला. "आई, ती पेटी आहे. स्टुडिओत सगळे गप्प होते, त्यानं मला फोनवर सांगितलंय. तुम्ही सगळे ऐकत होतात ना, क्लिओटिस?"

"पेटी हसते?" मागून कुणीतरी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. खरोखर कळत नव्हतं.

लुवेनिया उठली. बोट बोट करून मोजा ताणून बसवला. "पेटी असेल," ती म्हणाली. "पण त्यांना हसायला जागा कुणी करून दिली? तो थांबला ना."

होसियानं पुढं होऊन तिच्यासाठी दुकानाचं दार धरलं.

इझेल हॅलोरनकडं गेला. हॅलोरनला खरोखरच कळेना की बिघडलंय काय.

"इझी, तिथं केवढी शांतता होती. लोकांना वाटलं असतं टीव्ही बंद पडला."

"लोक रडत होते तिथं."

"म्हणूनच तर. रडणाऱ्या माणसाला गादी कशी विकू?" आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पोत्यानं पत्रं आलीत. सगळ्यांत गाजलेला भाग आहे तुझा."

उन्हाळ्यात तो भाग पुन्हा दाखवला. आवडला म्हणून. करार संपला तेव्हा इझेलनं सही केली नाही. नंतर ज्या ज्या दारावर गेला तिथं त्याच्या आधी बातमी पोचलेली असायची की हा माणूस फार नखऱ्यांचा आहे.

आई भांडली नाही. जेवू घालायची, कपडे इस्त्री करून द्यायची. फक्त त्या गुरुवारनंतरच्या रविवारी इझेल माउंट पिस्गात शिरला, तेव्हा लुवेनिया पुढं आली आणि हात लांब करून तिनं त्याला बाक दाखवला. घरच्या माणसाला कुणी बाक दाखवत नाही, तो आपला जाऊन बसतो. तिनं त्याला पाहुण्याला दाखवतात तशी जागा दाखवली, अदबीनं, पांढऱ्या मोज्यानं. इझेल तिथं बसला. होसियानं हे पाहिलं, आणि पुढं आयुष्यात बाकी सगळं चारचौघांत सांगितलं तरी हे कधी सांगितलं नाही.

इझेल पुन्हा हॉलमधून बोलायला लागला. होसिया पुन्हा शेवटून तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. छाती फुगवून बसला, की आता बघा. आणि इझेल बोलायला लागला तो थांबेचना. एका वाक्याला दुसरं चिकटवून, श्वास न घेता, मागं कुत्रं लागल्यासारखा. जिथं थांबायचा तिथून पळत पुढं जायचा. होसिया तोंड उघडायचा आणि मिटायचा. हुंकार घालायला फटच नव्हती.

"थांब की रे," एकदा गाडीत त्यानं विचारलंच. "मी बसलोय ना तिथं."

"थांबलो की ती येते," इझेल म्हणाला.

"कोण?"

"हुक् करणारी."

विनोद होता तो. दोघंही हसले नाहीत.

न थांबणारा माणूस किती दिवस चालणार? हॉल निम्मे भरायला लागले, मग पावच. पोरं आता केस वाढवून, काळ्यांच्या हक्कांसाठी मुठी वर करून यायची. त्यांना इझेल गॅस्किन म्हणजे गोऱ्यांसमोर बापाच्या बुटांवर हशा घेणारा माणूस, एवढंच ऐकून ठाऊक होतं. एकानं तोंडावर म्हटलं. होसिया त्याच्या अंगावर धावून गेला आणि अर्ध्या वाटेत भिंतीला धरून खोकत बसला. कोक भट्टीच्या माथ्यावर त्याच्याइतकं कुणी टिकलं नाही हे खरंच होतं. त्याच्याबरोबरचे सगळे आधीच गेले होते. त्याची छाती आता त्याची किंमत भरत होती. बोलायचं तर तीन शब्द, मग दम, मग तीन शब्द. तरी त्या तीन शब्दांत तो भावाचीच टिमकी वाजवायचा.

रोझवूड पाडलं. इझेल एका शाळेत झाडू मारायला लागला. आणि मग लुवेनिया गेली.

माती देणाऱ्याकडं इझेल स्वतः गेला. आईसाठी त्यानं पांढरे कोरे बूट घेतले होते. दुकानात बसून नव्हे, तिथं, तिच्या पायांशी गुडघ्यावर बसून घालून बघितले. पहिला जोड जरा घट्ट वाटला. परत गेला, बदलून आणला. टाचेत बोट घालून बघितलं. होसिया दाराला टेकून बघत होता.

चर्च भरलं होतं. दारावरच्या सगळ्या बायका पांढऱ्या गणवेशात एका ओळीत उभ्या होत्या, मोजे घालून. भजन झालं, पाद्रीबाबा बोलले, आणि मग घरच्यांनी दोन शब्द बोलायचे म्हणून इझेलचं नाव घेतलं. तो व्यासपीठाशी गेला. बोलायला लागला तो तसाच, पळत, वाक्यावर वाक्य. आईचं शिवण, आईचे पाव, आईचे मोजे. पंखे हलत होते. कुणी काही म्हणत नव्हतं. होसिया पहिल्या बाकावर बसून पुढच्या कठड्याला धरून होता.

"आईला कोरे बूट आणले," इझेल म्हणाला. "या वेळी पायात घालून बघितले."

आणि तो थांबला.

होसियाला कळलं की तो थांबलाय. किती वर्षांनी. तेच थांबणं, ईस्टरचं, मान जरा कलती करून. सगळं चर्च वळलं ते होसियाकडं. ती जागा त्याची होती, आणि आमच्यात दुसऱ्याच्या जागेवर कुणी बसत नाही. शिवाय कुणाकुणाच्या मनात क्लिओटिसचं दुकान अजून होतं. "सावकाश रे बाळा" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या कितीतरी मातीत गेल्या होत्या, आणि ज्या उरल्या होत्या त्या पंख्यांच्या आड होत्या.

होसिया कठड्याला धरून उठला. तोंड उघडलं. खालून काढायला गेला, आणि खाली काहीच नव्हतं. नुसती शीळ आली, मग खोकला, आणि खोकला थांबेना. शेजारच्या बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

इझेल वर उभा होता. चेहऱ्यावर हळूहळू ते हसू आलं, जरासं, अदबीचं, काचेतलं. डोकं किंचित कललं. तो आवाज विरायची वाट पाहायला लागला. हसत कुणीच नव्हतं. खोकत होता तो त्याचा भाऊ. तरी तो तसाच थांबला, तेवढाच थांबला, आणि मग मान हलवून, जणू आभार मानून, खाली आला. पंखांचं वाक्य त्यानं सांगितलं नाही.

तो होसियाच्या शेजारी येऊन बसला. कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

कबरस्तानाकडं जाताना ते दोघं एकाच गाडीत मागं बसले होते. कारखान्याची धुराडी एकेक करून मागं जात होती. वाटेत केव्हातरी होसियाची छाती मोकळी झाली. त्यानं तोंड न उघडता, अगदी खालून, पूर्वीसारखं केलं.

"हं."

इझेल खिडकीतून बाहेर बघत होता. त्यानं ऐकलं. होसियाला ते दिसलं, कान जरासा कलला होता.

"राहू दे आता," इझेल म्हणाला.

पण होसिया थांबला नाही. जेवढा दम होता तेवढ्यात पुन्हा केलं, आणि पुन्हा, फाटकापर्यंत. इझेलनं काच खाली केली. बाहेरचा आवाज आत आला आणि होसियाचं मग गाडीतसुद्धा ऐकू येईनासं झालं.